तारुमिझूच्या गाडीची काच

ज्वालामुखीचा डोंगर खाकरला की तानियामा वस्तीतल्या बायका दोरीवरचे कपडे ओढून घेतात आणि पुरुष गाडीकडे धावतात. राख पडली की आधी काचेवर बादलीभर पाणी ओतायचं, वायपरला हात लावायचा नाही, हे जपानच्या कागोशिमा शहरात लहान पोरालाही ठाऊक असतं. पण माणूस घाईत असतो. कामाला उशीर झालेला असतो, काचेवर करडा थर बसलेला असतो आणि हात आपसूक वायपरच्या दांडीकडे जातो. एकच फेरा होतो, कर्रर असा आवाज येतो आणि काचेवर कमानीसारखे ओरखडे उमटतात. दिवसा त्यांचं काही वाटत नाही. संध्याकाळी सूर्य समोर आला की मात्र सगळी काच पेटते आणि पुढचा रस्ताच दिसेनासा होतो.

असे ओरखडे घालवायचं काम मुनेओ साकोदा करायचा. ट्रामच्या शेवटच्या थांब्यामागे त्याची पत्र्याची शेड होती. एका वेळी एकच गाडी मावेल एवढी. उंच, जरा वाकलेला माणूस, बोलायला कंजूष. गाडी आली की तो आधी काचेवर नख फिरवायचा. नख अडकलं तर मान हलवायचा, "हे जाणार नाही. नवी काच घाला." नख सरकलं तर विटकरी रंगाची पूड पाण्यात कालवायला घ्यायचा.

हे काम एकट्याचं नव्हे. नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं चाक काचेवर फिरायला लागलं की काच तापते. तापली की तडा जातो. म्हणून दुसऱ्या माणसाने चाकाच्या पुढे पुढे पाण्याची बारीक धार धरायची. जास्त झाली तर पूड वाहून जाते, कमी झाली तर काच गेली. शिवाय शेवटी आत बसून काचेतून समोरचा विजेचा खांब बघायचा. एकाच जागी फार घासलं असेल तर खांब लचकल्यासारखा दिसतो, आणि अशा काचेमागे बसून गाडी चालवणाऱ्याला घेरी येते.

पाण्याची धार आधी मुनेओची बायको धरायची. ती वारली तेव्हा मुलगा कोसाकू शाळेत होता. मुनेओने दुसरं लग्न केलं नाही. डबा करून दिला, फाटलेले खिसे शिवले, आणि पोरगा हाताशी आल्यावर पाण्याची नळी त्याच्या हातात दिली. कोसाकू बापाच्या उलट होता, बडबड्या. कोपऱ्यावरच्या डबेवालीच्या दुकानात काम करणाऱ्या चिहारूला त्याने बोलून बोलूनच जिंकलं. चिहारू किरिशिमाकडची. आईबाप नव्हते, एक भाऊ होता तो दूर ओसाकात. लग्न होऊन ती शेडमागच्या दोन खोल्यांत आली आणि पहिल्यांदाच त्या घरात जेवताना हसण्याचा आवाज यायला लागला.

तीन वर्षं. मग एका पावसाळी सकाळी कोसाकू स्कूटरवरून पूड आणायला गेला. रात्रभर राख पडली होती आणि वरून पाऊस भुरभुरत होता. अशा वेळी रस्ता तेल सांडल्यासारखा होतो. वळणावर स्कूटर घसरली ती थेट ट्रकखाली.

एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले, पाहुणे गेले. मुनेओने सुनेला समोर बसवलं.

"चिहारू, तू तरुण आहेस. भावाकडे जा. इथे आता तुझं काय आहे?"

तिने दाराबाहेर बघितलं. म्हणाली, "बाबा, बाहेर तो टेम्पो उभा आहे. त्या सकाळपासून अर्धीच काच घासलेली आहे. ज्याचा आहे त्याला काय सांगू?"

"सांगू काहीतरी."

"त्याने काय पाप केलंय?" असं म्हणून ती उठली. कोसाकूचे रबरी बूट तिला मोठे होत होते, पुढे कापड कोंबून तिने ते घातले आणि नळी हातात घेतली. मुनेओने चाक सुरू केलं.

ती राहिली. राहिली ती राहिलीच. पहिल्या वर्षी तिने दोन-तीनदा काच तापवली, पण तडा जाऊ दिला नाही. नंतर तिचा हात असा बसला की मुनेओने चाक कुठेही नेलं तरी धार आधीच तिथे असायची. कोसाकूपेक्षा ती चांगली धरते, हे मुनेओला कळायचं, पण असा विचार मनात आला की तो रागाने पूड कालवायला लागायचा. गिऱ्हाइकांना मात्र ती सोडत नसे.

"पाणी महाग झालंय का हो तुमच्याकडे? बादलीभर ओतायला काय होतं?"

"घाईत होतो गं."

"मग आता बसा तासभर. घाई कुठे गेली?"

लोक हसायचे आणि पुढच्या वेळी तिच्यासाठी रताळ्याची खीर नाहीतर मोची नावाचे तांदळाचे गोळे घेऊन यायचे. रात्री दोघं कोसाकूच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावून जेवायला बसायची. दिवसाची गंमत ती तसबिरीला ऐकवायची आणि मुनेओ ती शेजारी बसून ऐकायचा.

कोसाकू जाऊन पाच वर्षं झाल्यावर एका हिवाळ्यात इवाशिता आला. वारा फिरला होता, राख सगळी खाडीपलीकडे चालली होती, शहरात काम कमी होतं. इवाशिता पलीकडच्या तारुमिझू गावचा. समुद्रात जाळ्यांचे पिंजरे लावून कानपाची जातीचे मासे वाढवायचा. चाळिशीला आलेला, उन्हाने काळवंडलेला, बोलताना मान खाली घालणारा माणूस. घरी म्हातारी आई, लग्न झालेलं नाही. त्याची पिकअप आली तेव्हा समोरच्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कमान उमटलेली होती.

"तारुमिझूचे ना तुम्ही?" चिहारूने विचारलं. "डोंगराच्या कुशीत राहता आणि कोरडा वायपर फिरवता? शाळेत शिकवलं नाही?"

"शिकवलं असणार," तो म्हणाला. "त्या दिवशी मी मासे पकडायला गेलो असेन."

ती खळखळून हसली. मुनेओने चाक थांबवून मागे वळून बघितलं. असं हसू त्याने फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

काच स्वच्छ झाली. चिहारूने आत बसून खांब बघितला, सरळ होता. इवाशिता वाकून नमस्कार करून गेला.

महिनाभराने तो परत आला. तशीच कमान. मग आणखी काही आठवड्यांनी आणखी एकदा. येताना बर्फात ठेवलेला मासा आणायचा आणि काम होईपर्यंत शेडच्या दारात उभा राहायचा. चिहारू त्याला टोमणे मारायची, तो एखाद-दुसरा शब्द बोलायचा. एकदा ती म्हणाली, "तुमच्या गाडीला वायपरच नको. काढून टाका आणि माशांना खायला घाला." त्यावर तो म्हणाला, "मासे हुशार आहेत, ते नाही खायचे." एवढंच. पण तेवढ्या बोलण्यावर ती संध्याकाळी भात धुताना गुणगुणत होती.

चौथ्या वेळी तो आला तेव्हा चिहारू बाजारात गेली होती. मुनेओने बॉनेट उघडलं. काच धुण्याच्या पाण्याची टाकी तो नेहमीच तपासायचा, रिकामी असली तर भरून द्यायचा. ही टाकी काठोकाठ भरली होती. गाडीच्या मागे दोन कॅनही पाण्याने भरलेले होते. मुनेओने ओरखड्यांवर बोट फिरवलं. ताजे होते, आजचेच. खाडीपलीकडून गाड्या आणणाऱ्या बोटीतून उतरल्यावर कुठेतरी थांबून, राखेने भरलेल्या काचेवर मुद्दाम एक फेरा मारला होता.

तो तसाच वाकून उभा राहिला. कोसाकू बारा वर्षांचा असताना शाळेत जायला नको म्हणून स्वतःच्या सायकलची हवा सोडायचा, ते त्याला आठवलं. पण हा बारा वर्षांचा पोरगा नव्हता. हा तिला घेऊन जायला आलेला माणूस होता. मग कोसाकूचे बूट कोण घालणार होतं? संध्याकाळी तसबिरीशी कोण बोलणार होतं? मुनेओने काचेवर नख फिरवलं. नख सहज सरकलं.

"इवाशिता-सान," तो म्हणाला, "ही काच आता घासता येणार नाही. पातळ झालीय. आणखी घासली तर रस्ता वाकडा दिसेल."

इवाशिताने मान वर केली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"म्हणजे इथे आणून उपयोग नाही?"

"नाही. तिकडेच कुठेतरी नवी बसवून घ्या. इतक्या लांब यायचं कारण नाही."

"बरं," इवाशिता म्हणाला. माशाचा डबा त्याने दारापाशी ठेवला, जरा जास्तच खाली वाकला आणि निघून गेला.

संध्याकाळी चिहारूने डबा उघडून मासा कापला, तसबिरीपुढे छोटी ताटली ठेवली. जेवताना मुनेओने जणू सहज सांगितलं, "तारुमिझूवाल्याची काच संपली. नवी घालायला सांगितलं."

चिहारूच्या काड्या थांबल्या.

"मागच्या वेळी मी आत बसून बघितलं होतं, बाबा. खांब सरळ होता."

"तुला बारीक कळत नाही."

"सरळ होता," ती एवढंच म्हणाली आणि पुन्हा जेवायला लागली. माशाला तिने हात लावला नाही.

त्यानंतर घरात काही बदललं असं म्हणता आलं नसतं. ती वेळेवर उठायची, नळी धरायची, भात लावायची. गिऱ्हाइकांना टोमणे मारायचं फक्त बंद झालं. एक जुनं गिऱ्हाईक म्हणालंसुद्धा, "चिहारू-सान, आज शिव्या नाहीत? बरं नाही का?" ती कसनुसं हसली. तसबिरीपुढे ती आता उदबत्ती लावायची आणि हात जोडून उठायची. मुनेओ वाट बघायचा, पण ती काही बोलायची नाही.

उन्हाळ्यात राख परत शहरावर यायला लागली, कामाची गर्दी झाली. शेजारच्या बालवाडीच्या बाईंची गाडी होती. मुनेओ उजव्या बाजूला घासत होता, धार पुढे पुढे सरकत होती. रस्त्यावरून एक पांढरी पिकअप गेली. चिहारूने मान वळवली. क्षणभरच. मुनेओला चाकाखाली कोरडी घरघर जाणवली, त्याने हात उचलला, पण टक् असा आवाज झाला आणि काचेच्या कडेपासून वरपर्यंत केसासारखी रेघ धावत गेली.

"माफ करा बाबा," ती म्हणाली. नळी खाली पडली. ती तशीच जमिनीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. कोसाकू गेला तेव्हासुद्धा ती मुनेओसमोर अशी रडली नव्हती. त्याला वाटलं खांद्यावर हात ठेवावा, पण त्याचे हात पुडीने माखलेले होते. तो बालवाडीच्या बाईंची माफी मागायला गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान बंद ठेवलं. दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणाला आणि कामोइके धक्क्यावरून तारुमिझूची बोट पकडली. बोटीवर सगळे उदोनच्या शेवया खात होते. त्याने वाडगा घेतला आणि तसाच परत ठेवला.

इवाशिता घराच्या अंगणात जाळं शिवत बसला होता. बाजूला पिकअप उभी होती. काच बदललेली नव्हती, ती कमान तशीच होती.

"नवी बसवली नाहीत?" मुनेओने विचारलं.

"नाही बसवली."

"संध्याकाळी दिसत नसेल काही."

"संध्याकाळी बाहेर जात नाही मी."

म्हातारी आई चहा ठेवून आत गेली. मुनेओने कप हातात घेतला, प्यायला नाही.

"त्या दिवशी मी खोटं बोललो. काच चांगली होती."

"मला वाटलं होतं," इवाशिता म्हणाला. "पण तुम्ही म्हणालात ते बरोबरच होतं. तुमच्या घरात एवढं झालेलं, आणि मी काचेवर ओरखडे मारत येतो. लाज वाटली मला. तिने सांगायला लावलं असेल असंही वाटलं."

"तिला माहीतही नव्हतं." मुनेओ जाळ्याकडे बघत होता. "ती हसत नाही आता. माझ्या दुकानात हसण्यासारखं काही नाहीच. तुम्ही या."

इवाशिताने हातातली सुई जाळ्यात खोचली आणि जमिनीला डोकं लावलं.

मुनेओला वाटलं होतं की घरी जाऊन सांगितल्यावर चिहारू लाजेल, नाहीतर रडेल. ती भडकली.

"मला विचारलंत? आधी मला न विचारता त्यांना हाकललंत, आता मला न विचारता बोलावून आलात! मी काय दुरुस्तीला आलेली गाडी आहे, बाबा? ज्याची त्याला देऊन टाकायला?"

"चुकलं माझं."

"दात कसा आहे?"

"कुठला दात?"

"डॉक्टरकडे गेला होतात ना!" आणि मग ती रडता रडता हसली, आणि मुनेओ खाली मान घालून बसून राहिला.

तिने घाई केली नाही. काही रविवार ती एकटीच बोटीने पलीकडे गेली, संध्याकाळी परत आली. मुनेओने काही विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. त्या रविवारी तो शेड झाडायचा, एकदा झाडून झाली तरी परत झाडायचा. शरद ऋतूत तिने रात्री तसबिरीपुढे बराच वेळ बसून हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. मुनेओ उठून बाहेर गेला. ते बोलणं त्याच्यासाठी नव्हतं.

मार्चमध्ये ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. चटईवर हात टेकले. "बाबा, जाऊ?"

काय बोलायचं ते त्याने कितीतरी दिवस जुळवून ठेवलं होतं. ऐनवेळी एकच शब्द बाहेर पडला. "जा."

जाण्याच्या दिवशी तिने फ्रीज शिजवलेल्या डब्यांनी भरला. शेड पुसली. मग म्हणाली, "बाबा, मी आठवड्यातून दोन दिवस येईन. बोट आहेच. पाणी कोण धरणार तुमच्याकडे?"

"नको."

"का?"

"तिकडे एक आई आहे. तिने काय समजायचं? दोन घरांत एक एक पाय ठेवू नये. कोसाकूच्या थडग्यावरही नको येऊस. त्याला मी सांगेन."

चिहारूचा चेहरा पांढरा पडला. ती काहीतरी बोलणार होती, पण इवाशिता बाहेर वाट बघत होता. गाडीला आता नवी काच होती. ती आत बसली, काचेमागून काही बोलली. मुनेओला ऐकू आलं नाही. त्याने ऐकू आल्यासारखी मान हलवली, आणि पिकअप वळणाआड गेली.

समोरचा टायरवाला ओरिता रस्ता ओलांडून आला. "वेडा आहेस तू, साकोदा. सुनेचं कुणी लग्न लावून देतं? म्हातारपणी पाणी कोण देणार तुला?"

"नळ आहे," मुनेओ म्हणाला आणि शेडचं दार ओढून घेतलं.

त्याने एक-दोन माणसं ठेवून बघितली. एकाचा हात जड होता, दुसरा फोनवर बोलायचा. मग त्याने समोरच्या काचा घेणं सोडलं. दाराच्या छोट्या काचा तेवढ्या एकट्याने करायचा, एका हाताने चाक आणि दुसऱ्याने बाटलीतून पाणी. त्यामुळे त्याचा खांदा आखडला. वर्षभरात तेही थांबलं. शेडमध्ये ओरिताचे टायर आले. सकाळी काय करायचं ते मुनेओला कळेनासं झालं, म्हणून तो रोज कोसाकूच्या थडग्यावर जायला लागला. तिथे सगळ्या थडग्यांवर राख पडू नये म्हणून छपरं आहेत, तरी वाऱ्याने आत येतेच. तो दगड धुवायचा, फुलं बदलायचा. कोसाकूला काय सांगायचं हे मात्र त्याला सुचत नसे. बडबड्या तो, आपण नव्हे. तो नुसताच उभा राहायचा.

पितरांच्या ओबोन सणाच्या आदल्या आठवड्यात ताप आला म्हणून दोन दिवस त्याला जाता आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फुलं घेऊन गेला तर दगड धुतलेला होता. खाचांतली राखसुद्धा काढलेली होती. दोन्ही फुलदाण्यांत ताजी पिवळी शेवंती होती, उदबत्तीची राख अजून पडली नव्हती. शेजारच्या थडग्यापाशी एक म्हातारी बाई होती. ती म्हणाली, "आत्ताच गेली हो. नेहमी येते ना ती, दर महिन्याला. दुपारची. आज सकाळीच आली. पोटुशी आहे, तरी गुडघे टेकून दगड घासत होती."

"दर महिन्याला?"

"हो. बराच वेळ बोलत बसते. मला वाटलं तुमचीच सून."

मुनेओने हातातली फुलं कुठे ठेवावीत ते त्याला कळेना. फुलदाण्यांत जागा नव्हती. तो ती घेऊनच घरी आला, स्वयंपाकघरातल्या बादलीत ठेवली आणि तिथेच खुर्चीवर बसून राहिला. बाळ व्हायचं आहे आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? दार आपणच ओढून घेतलं होतं. आपल्यापासून लपून एक बाई बोटीने येते, दगड धुते, कोसाकूशी बोलते आणि आपल्याला दिसायच्या आत निघून जाते.

दुपारी त्याने फोन लावला. पलीकडून "हॅलो" आल्यावर त्याने नुसता घसा खाकरला.

"बाबा?" ती म्हणाली. "बाबाच ना?"

"हं."

"काय झालं? बरं आहे ना?"

"थडग्यापाशी जमीन ओली असते. या दिवसांत गुडघे टेकून बसू नये."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"तुम्ही नको म्हणाला होतात ना," ती म्हणाली. आवाज फुटला होता. "मला राहवेना. तुम्हाला कळू नये म्हणून दुपारची यायचे, मागे काही ठेवत नसे. आजच सकाळची बोट मिळाली, आणि फुलं सुकलेली दिसली."

"म्हणालो होतो खरा."

"रागावलात?"

"नाही." त्याला आणखी बरंच सांगायचं होतं. शेडमध्ये टायर आहेत, खांदा वर होत नाही, तसबिरीशी कसं बोलतात ते आपल्याला येत नाही, फुलं आणली ती परत आणली. त्यातलं काहीच तोंडून बाहेर पडलं नाही. "दगड मी धुवत जाईन," तो म्हणाला. "तू नुसती बस."

"जेवलात का, बाबा?"

"जेवलो," मुनेओ म्हणाला. गॅसवर काहीच नव्हतं. "तू जेव. दोघांचं जेव."

फोन ठेवल्यावर तो तसाच बसला. बाहेर ऊन कलायला लागलं होतं आणि रस्त्यावरची एक बाई पोराला ओरडत होती, की कपडे आत घे, वारा इकडे वळलाय.